मी पाहत नाही, ते सुरू असते

गोंदिया जिल्ह्यात रिअ‍ॅलिटी शो कोणीही पाहत नाही. रेलटोलीत विचारा, गणेशनगरात विचारा, देवरीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, उत्तर एकच मिळतं. "आम्ही नाही जी पाहत. ते सुरू असते."

सुरू कोण करतं, याचा मात्र तपास लागत नाही. सासू म्हणते सून लावते, सून म्हणते सासूबाई लावतात, आणि दोघींच्या मधात बसलेला पुरुष म्हणतो की मी तर जेवत होतो. आमच्या शेजारचे काकाजी फक्त बातम्या पाहतात. पण बरोबर नऊ वाजता त्यांच्या रिमोटचे सेल संपतात आणि साडेदहाला आपोआप भरून येतात. ओळखीचे एक प्राध्यापक आहेत, ते समाजाचा अभ्यास म्हणून पाहतात. अभ्यास इतका सखोल की त्या वेळात सख्ख्या भावाचा फोनही उचलत नाहीत.

न पाहणाऱ्याला पकडायची एक युक्ती आहे. मुद्दाम चुकीचं नाव घेऊन म्हणायचं, "काल तो घराबाहेर गेला म्हणे." न पाहणारा ताडकन उसळतो, "तो कायचा जाते! तो तं कॅप्टन झाला." मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात येतं आणि तो घाईघाईने धानाच्या भावावर येतो.

या न पाहणाऱ्यांत दोन तट आहेत. काहींना हे कार्यक्रम आवडतात, काहींना त्यांचा संताप येतो. माझं निरीक्षण असं की संतापणाऱ्यांचा खाडा कधी पडत नाही. आवडणारा माणूस एखाद्या रात्री लग्नाला जातो, पाहुणे आले तर टीव्ही बंद करतो, लवकर झोपतो. संतापणाऱ्याला ती चैन परवडत नाही. हे लोक आज आणखी किती खालच्या थराला गेले, याची त्याला जातीने खात्री करून घ्यायची असते. माझे वडील या दुसऱ्या तटाचे. आई पहिल्या तटाची. बायको कोणत्या तटाची हे ती सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

२०२४ च्या जुलैत, २८ तारखेला, कलर्स मराठीवर 'बिग बॉस मराठी'चा पाचवा सीझन लागला. आधीचे चार सीझन महेश मांजरेकरांनी सांभाळले होते, या वेळी रितेश देशमुख आले. आठवडाभर घरातल्यांनी भांडायचं आणि शनिवार-रविवारी 'भाऊचा धक्का' नावाखाली रितेशभाऊंनी त्यांची झाडाझडती घ्यायची, अशी व्यवस्था होती. मुंबईकरांना ते नाव ऐकून बोटी आठवल्या असतील. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही आणि भाऊ मात्र घरटी चार आहेत, त्यामुळे आईने सरळ अर्थ घेतला: मोठा भाऊ धक्का देते.

पहिल्याच आठवड्यात निक्की तांबोळी ज्या सुरात वर्षा उसगावकरांशी बोलली, त्यावरून महाराष्ट्रभर चर्चा पेटली. आमच्या घरी तर फारच. आईने वर्षा उसगावकरांना 'गंमत जंमत'पासून, म्हणजे १९८७ पासून, घरातलीच मानलेलं आहे. आई सोफ्याच्या टोकावर सरकली आणि म्हणाली, "मोठ्या मानसाले असं बोलतेत? कोनं शिकवलं जी इले?"

नजर टीव्हीकडे होती. आवाज मात्र हॉल ओलांडून, पडदा बाजूला सारून, सरळ स्वयंपाकघरात गेला.

स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज थांबला. "पण आई, चूक असली तर ऐकून घ्यावं ना. वय पाहून चूक थोडीच बरोबर होते?"

बायकोही निक्कीबद्दलच बोलत होती. मी दोघींच्या मध्ये, पाण्याचा पेला हातात घेऊन, कार्यक्रमाचा आस्वाद घेत असल्यासारखा चेहरा करून बसलो.

आमच्याकडे हे शास्त्र जुनं आहे. लेकी बोले सुने लागे. सुनेला थेट बोललं की घर फुटतं, म्हणून लेकीला बोलायचं आणि सुनेने समजून घ्यायचं. पण यासाठी घरात एक लेक लागते, आणि हल्लीच्या घरांत नेमका तिचाच तुटवडा आहे. माझी बहीण लग्न होऊन राजनांदगावला गेली, तेव्हापासून आईची फार कुचंबणा व्हायची. व्हिडिओ कॉलवर बहिणीला बोललेलं स्वयंपाकघरात नीट लागत नाही, कारण मधातच रेंज जाते. अशात वाहिनीने एकदम सोळा लेकी-लेक आमच्या हॉलमध्ये पाठवले. उशिरा उठणारी एक, कामचुकार एक, चारचौघांत गोड आणि पाठीमागे कडू असा एक, आल्या दिवसापासून आपला वेगळा गट करणारी एक. ज्या गुणाबद्दल बोलायचं त्या गुणाचा नमुना हजर. सगळा माल, आणि घरपोच.

"उजेड पडला तरी निजून राहते बाप्पा ते पोरगी," आई म्हणायची.

"रात्रीची भांडी कोण घासते ते दाखवत नाहीत ना आई," बायको म्हणायची.

असा तो सीझन रंगत गेला. त्या घरात जेवढे डाव टाकले जात होते, त्याहून बारीक डाव आमच्या गोंदियाच्या दोन खोल्या आणि हॉलमध्ये पडत होते, आणि आमच्याकडे कॅमेरा नव्हता हे माझं नशीब. या सगळ्याचा कळस झाला तो एका कॅप्टनपदाच्या भांडणावर. त्या घरात दर आठवड्याला एक कॅप्टन निवडला जातो, तो बाकीच्यांना कामं वाटून देतो. त्या आठवड्याच्या कॅप्टनवर आई फार नाराज होती.

"कॅप्टन झाली तं का झालं? बसल्या जागी हुकूम सोडनं सोपं आहे. रांधनं कोन करते?"

बायको हात पुसत बाहेर आली. आमच्या घरात आजी गेल्यापासून कॅप्टनपद कोणाकडे आहे, हे ती जाणून होती. सगळेच जाणून होतो. ती शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे आई. पण त्यांच्याकडे एक बरं असते. कॅप्टन दर आठवड्याला बदलते."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मुलाने मोबाइलमधून मान वर केली, ही घटना आमच्या घरात दुर्मीळ आहे. आई टीव्हीकडे पाहत होती, बायको टीव्हीकडे पाहत होती, टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. तेवढ्यात खुर्चीतून बाबांचा आवाज आला.

"हे सगळं ठरलेलं असते. आधी लिहून देतात."

बाबांचं हे वाक्य मला एरवी ऐकवत नाही. पण त्या रात्री त्या वाक्याने एक कुटुंब वाचवलं.

लोक हे कार्यक्रम का पाहतात, यावर परदेशात विचार झालेला आहे. स्टीव्हन राइस आणि जेम्स विल्ट्झ या दोन अमेरिकी संशोधकांनी २००४ साली हाच प्रश्न मथळ्याला घेऊन एक निबंध लिहिला. २३९ जणांना विचारून त्यांनी असं मांडलं की हे कार्यक्रम आवडीने पाहणाऱ्यांमध्ये आपल्याला महत्त्व मिळावं ही ओढ इतरांपेक्षा जास्त असते, आणि त्याखालोखाल आपला हिशेब चुकता व्हावा ही. दोघांतल्या एकाचं आडनाव राइस असल्यामुळे धानाच्या जिल्ह्यात त्यांच्या शब्दाला मान मिळायला हरकत नाही. तरी मला वाटतं, त्यांनी माणसं एकेकटी तपासली. हिशेब चुकता करायला समोर दुसरा माणूस लागतो, आणि तो त्याच सोफ्यावर बसलेला असावा लागतो. या विद्वानांना आमच्या घरी एक शनिवार बसवलं असतं, तर निबंध लांबला असता.

ही सोय फक्त शहरातल्या हॉलपुरती नाही. सीझन लागला तेव्हा आमच्याकडे रोवणी चालू होती. गोरेगाव तालुक्यात आमची थोडी धानाची शेती आहे. रोवणी म्हणजे बांधीत गुडघाभर चिखल, पाठीवर पाऊस, आणि ओळीने वाकलेल्या दहा-पंधरा बाया. हातात परे, तोंडाने बिग बॉस. त्या बायांना रात्री टीव्ही पाहायला किती वेळ मिळत असेल, मला माहीत नाही. पण कालच्या भागातलं एक वाक्य त्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. एक म्हणत होती, "मालकीन बनून बसली ते, चिखलात कधी उतरली का?" दुसरी म्हणाली, "अना बोलाले एक नंबर." सगळ्या हसल्या. धुऱ्यावर छत्री घेऊन उभा राहून मजुरीचा हिशेब करणारा मी, मीही हसलो. मग कोणीच हसत नाही असं दिसल्यावर थांबलो.

बाबांचा आक्षेप मात्र मला नीट मांडला पाहिजे, कारण तो एकट्या बाबांचा नाही. ज्यांना हे कार्यक्रम आवडत नाहीत, त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं हेच असतं की हे खोटं आहे. त्यात तथ्य आहेच. चोवीस तासांच्या चित्रणातून तासाभराचा भाग काढायचा, म्हणजे बाकीच्या तेवीस तासांतल्या जांभया, कांदे कापणं, मोज्यांची शोधाशोध कचऱ्यात जाते आणि भांडण तेवढं उरतं. (मला तो तेवीस तासांचा भाग पाहायला आवडेल. चांगल्या झोपेसाठी.) पण बाबांच्या सच्चेपणाच्या आग्रहात एक गोची आहे, आणि ती हिवाळ्यात उघडी पडते.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात गावोगावी पडदा लागतो. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, तिथून तारखा ठरतात. जिथे शंकरपट असतो तिथे दिवसा बैल धावतात आणि रात्री नाटक. मध्यंतरी सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीमुळे काही वर्षं बैल थांबले होते, नाटक थांबलं नाही. रात्री दहाच्या सुमारास सुरू होणारं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि हजारो माणसं घोंगड्या, शाली गुंडाळून थंडीत बसतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते. अशा नाटकात दारुडा मुलगा आईला घराबाहेर काढतो. बाबा ढसढसा रडतात. गेल्या वर्षीही तोच मुलगा तशाच आईला काढत होता, तेव्हाही रडले होते. आणि एखादा नट भाषण विसरला, अडखळला, तर बाबांचा पारा चढतो. "लिहून देलेलं पाठ करून येत नाहीत!"

म्हणजे मंचावरच्याने लिहिलेलं विसरलं की बाबांना राग, आणि टीव्हीवरच्याला लिहून दिलंय अशा नुसत्या संशयाने राग. मी एकदा हे त्यांना म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "नाटकवाला आपल्याले सांगते ना, का हे नाटक आहे म्हणून." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

बाकी 'बिग बॉस'च्या घराचं मूळच चमत्कारिक आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४९ साली आपल्या कादंबरीत 'बिग ब्रदर' रचला तो धाक दाखवायला, की पाहा, कोणीतरी सतत आपल्यावर डोळा ठेवून आहे. पन्नास वर्षांनी, १९९९ मध्ये, नेदरलँड्समध्ये त्याच नावाचा कार्यक्रम निघाला आणि लोक त्या डोळ्यासमोर राहायला रांग लावू लागले. २००६ मध्ये तो हिंदीत आला, २०१८ मध्ये मराठीत. आमच्या आईला ऑर्वेलची भीती समजावून सांगणं कठीण आहे. जिच्या खिडकीतून अख्खी गल्ली दिसते आणि जी अख्ख्या गल्लीला दिसते, तिला पाहिलं जाण्याचं काय वाटणार?

आमच्या भागातली मंडई ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भाऊबीजेपासून पुढे गोंदिया-भंडाऱ्याच्या गावागावांत एकेका दिवशी जत्रा भरते, ती मंडई. शेजारच्या गावाची तारीख वेगळी, म्हणजे एकमेकांकडे जाता यावं. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, जिलेबीची दुकानं लागतात, दंडार उभी राहते. दंडारीत सोंगं नाचत असतात, आणि मागे, चिरमुऱ्यांच्या पुड्या सोडत, खरी कामं चाललेली असतात. कोणाच्या पोरीला कुठे द्यायचं, कोणाच्या पोराला दारूचं आहे का, वाटणीचं कुठवर आलं. कितीतरी लग्नांच्या गोष्टी तिथे सुरू होतात. कोणी विचारलं, काय करता बाबा, तर उत्तर तयार असतं: दंडार पाहून राहिलो. समोर काहीतरी चालू असल्याशिवाय आम्हाला एकमेकांशी महत्त्वाचं बोलता येत नाही. समोरासमोर बसून, डोळ्याला डोळा भिडवून बोलायला आम्हाला लाज वाटते, आणि ती लाज टीव्ही येण्याच्या फार आधीची आहे.

जी गोष्ट घराची, तीच जिल्ह्याची. या कार्यक्रमांत मतदानाची सोय झाली तेव्हा आम्हाला मुंबई-पुण्यालाही आडून बोलता येऊ लागलं. पहिला प्रसंग जरा अवघड होता. २००५ च्या मार्चमध्ये पहिल्या 'इंडियन आयडॉल'ची अंतिम फेरी होती. एका बाजूला मुंबईचा अभिजीत सावंत, दुसऱ्या बाजूला भिलाईचा अमित साना. बाकीच्या महाराष्ट्राला हा प्रश्न पडलाच नाही. पण गोंदिया हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन. मुंबई आमच्यापासून जवळजवळ हजार किलोमीटर आणि दुर्ग-भिलाई दीडशेच्या आत. अर्ध्या गोंदियाची सोयरीक तिकडे. भाषेने अभिजीत आपला, गाडीने अमित आपला. आमची मावशी दुर्गला असते, आणि तिने फोन करून स्पष्ट बजावलं होतं. त्या काळात मताचा एसएमएस साध्या एसएमएसपेक्षा महाग पडायचा. आईने बाबांच्या मोबाइलवरून नातं सांभाळलं, आणि मी पीसीओवर जातो सांगून मित्राच्या मोबाइलवरून भाषा सांभाळली. अभिजीत जिंकला. मावशी त्या दिवाळीला आली नाही.

पुढे विदर्भाचा स्वतःचाच माणूस उभा राहिला, तेव्हा गोष्टी सोप्या झाल्या. २०१९ चा सप्टेंबर आमच्यासाठी सोन्याचा होता. एक तारखेला अमरावतीचा शिव ठाकरे 'बिग बॉस मराठी'चा दुसरा सीझन जिंकला. त्याच महिन्यात अमरावती जिल्ह्यातल्याच अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकल्या. महिना १५०० रुपये मानधनावर शाळेतल्या पोरांसाठी खिचडी शिजवणारी बाई अमिताभ बच्चन यांच्यासमोर न डगमगता बसली आहे, हे पाहताना बाबा 'ठरलेलं असते' हे वाक्य विसरले. "हा कार्यक्रम वेगळा आहे," ते म्हणाले, "यात ज्ञान मिळते." त्या भागातला एकही प्रश्न त्यांना आज आठवत नाही. पण बाई आठवते.

१९८४ साली दांडेकर समितीने विदर्भाचा अनुशेष मोजला, तेव्हापासून सिंचन, रस्ते, वीज, सगळ्यांचा हिशेब आम्हाला तोंडपाठ आहे. शिव ठाकरे जिंकला तेव्हा एका खात्याचा अनुशेष तरी भरून निघाला, असं बाबा म्हणाले होते. मग २०२३ च्या फेब्रुवारीत हिंदी 'बिग बॉस'च्या अंतिम फेरीत शिव दुसरा आला आणि पुण्याचा एमसी स्टॅन पहिला. बाबा नुसते मान हलवत राहिले. नागपूर करारापासूनचा सगळा इतिहास त्या मान हलवण्यात होता. त्यातही गोंदियाचा पोटअनुशेष आहे तो निराळाच. अमरावती जिंकली की विदर्भ जिंकला असं म्हणतात, पण अमरावतीपेक्षा आम्हाला आजही भिलाई जवळ पडते.

खरं तर कॅमेऱ्याखाली राहणारी मंडळी आमच्या जिल्ह्यातही आहेत. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात झाडांना कॅमेरे बांधलेले आहेत, आणि तिथले रहिवासी त्यापुढून अगदी बेफिकीर जातात. नागझिऱ्यातला जय नावाचा वाघ २०१३ मध्ये स्वतःहून घर सोडून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि तिथे एवढा नावारूपाला आला की २०१६ च्या एप्रिलनंतर तो दिसेनासा झाला तेव्हा देशभर शोधाशोध झाली. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून नागझिऱ्यात सोडल्या. "वाइल्ड कार्ड एंट्री," मुलगा म्हणाला. त्यापुढच्या हिवाळ्यात आम्ही सगळे सफारीला गेलो. आईला न्यायचं की नाही यावर मी जरा विचार केला होता, पण निदान जंगलात तरी टीव्ही नसतो, असं मनाशी म्हणालो.

पिटेझरीच्या फाटकातून जिप्सी आत शिरली. गाइड सांगत होता की वाघीण पिल्लांना एकटी वाढवते, शिकार शिकवते, दोनेक वर्षं जवळ ठेवते.

आई म्हणाली, "पाहा. पिल्लायले संग घेऊन फिरते. मोबाइल देऊन बसवून नाही देत."

बायकोने झाडांकडे पाहत गाइडला विचारलं, "आणि त्या वेळेस वाघ कुठे असतो, भाऊ?"

गाइड म्हणाला, "वाघाचं काही नसते जी त्यात."

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. सफारीत आम्हाला एक सांबर, बरेच चितळ आणि रानगव्याचा कळप दिसला. मला त्यांतलं फारसं आठवत नाही.

पाचव्या सीझनचा शेवट ६ ऑक्टोबरला झाला. शेवटच्या दोघांत बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण होता आणि, काळाचा न्याय पाहा, अभिजीत सावंत. आईला २००५ आठवलं. "तवा मावशीच्या पायी त्याले नाही देलं," ती म्हणाली, आणि एकोणीस वर्षांनी अभिजीतच्या बाजूने बसली. बायको सूरजची. गरिबाघरचं पोरगं, आईबाप नाहीत, कोणाला उलटून बोलत नाही, काम करते. आईला सूरजही आवडायचा, पण तो बायकोचा उमेदवार असल्यामुळे इलाज नव्हता. सूरज जिंकला. आई म्हणाली, "चांगलं झालं, गरीब आहे बिचारा." बायको म्हणाली, "अभिजीतपण चांगलाच होता." एवढ्या सौजन्याची आम्हाला सवय नव्हती. मुलाने विचारलं, "काय झालं?"

झालं ते पुढच्या आठवड्यात. नऊ वाजले आणि समोर कोणीच नव्हतं. दिवाळी जवळ येत होती, बायकोला भाऊबीजेनंतर आमगाव तालुक्यातल्या माहेरच्या मंडईला जायचं होतं, आणि इकडे धान कापणीला आलेलं. एरवी हा विषय एखाद्या सदस्याच्या गट करण्यावरून किंवा जबाबदारी टाळण्यावरून सुरू झाला असता, तीन-चार भागांत पुढे सरकला असता आणि भाऊच्या धक्क्यावर निकालात निघाला असता. आता आईला तो तोंडानेच काढावा लागला.

"कापनीच्या वेळेस मंडईले जाशीन तं कसं होईन?"

"जाईन, आणि तिसऱ्या दिवशी येईन," बायको म्हणाली.

थेट प्रश्न, थेट उत्तर. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. आई उठून देवघरात गेली, बायको गच्चीवर गेली, आणि मी कशासाठी तरी बाजारात गेलो. दोन दिवस घरात इतकं स्पष्ट बोलणं चाललं होतं की तिसऱ्या दिवशी मी मुलाला कोणताही शो लावायला सांगितला, कुठल्याही भाषेतला चालेल म्हणालो.

तोवर विधानसभेची निवडणूक लागली होती. २० नोव्हेंबरचं मतदान, तोंडावर अर्ज भरणं, कोण कोणाकडून, कोण बंडखोर, कोणाचं तिकीट कापलं. बाबांनी रिमोट हाती घेतला आणि बातम्यांच्या वाहिनीवर चर्चा लावली. पडद्यावर सहा चौकटी, सहा माणसं, सहाही एकदम बोलत होती, आणि मधला निवेदक त्या सगळ्यांवर ओरडत होता.

"हे पाहा," बाबा समाधानाने खुर्चीत टेकले. "हे तरी खरं असते."

आईने थोडा वेळ पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग बायकोकडे मान वळवली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"ठरलेलं असते बाई हे सगरं. आधीच लिहून देतेत."

"हो ना आई," बायको सोफ्यावर टेकत म्हणाली. "आणि तो मधातला पाहा ना. कोणाला बोलूच देत नाही. आपणच तेवढं खरं बोलतो, असं वाटते त्याले."

"घरोघरी असतेच एक तसं," आई म्हणाली.

बाबांनी आवाज वाढवला.